ग्रिलच्या ऑइल पेंटचे तुषार गाडीवर बसलेत, क्ले बारने निघतील का?

निळी_हॅच

नमस्कार मंडळी. सोसायटीत बाहेरचं रंगकाम चालू आहे. भिंतींना रोलरने पांढरं एक्स्टीरियर इमल्शन आणि बाल्कन्यांच्या ग्रिलना कॉम्प्रेसरने चॉकलेटी ऑइल पेंट. गाडी खाली उघड्यावर लावलेली होती. आता बॉनेट, छत आणि पुढच्या काचेवर दोन प्रकारचे डाग दिसतात. एक म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे चपटे थेंब, तीस-चाळीस असतील. दुसरे चॉकलेटी, इतके बारीक की लांबून दिसतच नाहीत, पण हात फिरवला की बॉनेट पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. पांढरे थेंब चार दिवसांचे आहेत, चॉकलेटी साधारण दहा दिवसांचे.

गाडी गडद निळी मेटॅलिक, २०२१ ची, पेंट कंपनीचा. फक्त डावं पुढचं फेंडर बाहेर रिपेंट केलेलं आहे. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो थिनरने पुसून रबिंग कंपाऊंड मारू. क्ले बार, म्हणजे गाडीच्या पेंटवर बसलेली घाण उचलणारी कणकेसारखी वडी, याबद्दल वाचलं आहे, पण कोणता ग्रेड घ्यायचा, दोन्ही डागांवर चालेल का, आणि हेडलाइट व बंपरखालच्या काळ्या प्लास्टिकचं काय करायचं, हे नीट समजून घ्यायचं आहे.

क्लिअरकोट

थिनर आणि कंपाऊंड दोन्ही आधी थांबवा. का ते सांगतो.

बाजारात साधारणपणे थिनर म्हणून मिळतो तो एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर. त्यात टोल्युइन आणि अ‍ॅसिटोनच्या जातीचे तीव्र द्रावक असतात. कंपनीत भट्टीत भाजलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, एखाद्या पुसण्याला टिकेल, पण तुमचं रिपेंट केलेलं फेंडर कोणत्या मालाने रंगवलंय ते माहीत नाही. हार्डनर न घालता केलेलं काम असेल तर थिनरच्या एका बोळ्याने रंग कपड्यावर येईल. कंपाऊंडचा प्रश्न वेगळा. रंगाचा कण पृष्ठभागाच्या वर उभा असतो. कंपाऊंड तो कण घासतं, त्याचबरोबर आजूबाजूचा चांगला क्लिअर कोटही तेवढाच घासतं. बऱ्याच गाड्यांवर सगळे थर मिळून १०० ते १३० मायक्रॉन असतात, त्यात क्लिअर कोट ४०-५० च्या आसपास. वरच्या घाणीसाठी त्यातले मायक्रॉन खर्च करायचे नाहीत. शिवाय निघालेला कडक कण पॅडमध्ये अडकला की तोच गोल गोल फिरून ओरखडे पाडतो.

क्लेचं काम नेमकं इथे आहे. लवचीक पॉलिमरमध्ये अगदी बारीक अपघर्षक मिसळलेला असतो. बुळबुळीत पाण्यावरून तो सपाट भागावर तरंगत जातो आणि जे वर आलेलं असतं तेवढंच कापून स्वतःत ओढून घेतो. म्हणून तो वर बसलेल्या गोष्टींवर चालतो. आत कोरलेल्या गोष्टींवर, म्हणजे पक्ष्याच्या विष्ठेने खाल्लेला डाग, ओरखडा, खाऱ्या पाण्याचा आत उतरलेला गोल, यांवर त्याचा काही उपयोग नाही.

तुमच्याकडे दोन वेगळे रंग आहेत, त्यामुळे कामही दोन टप्प्यांत करा. पांढरे थेंब आधी, क्लेशिवाय. जाड थेंबावर क्ले दहा वेळा आपटतो, स्वतः फाटतो, आणि थेंबाच्या कडेला घासल्याची धूसर वर्तुळं उरतात. इमल्शन पाण्यावरचं असतं. हाताला कोरडं लागलं तरी पूर्ण पक्कं व्हायला काही आठवडे घेतं, म्हणून चार दिवस हे तुमच्या फायद्याचं आहे. कोमट पाण्यात थोडा कार शाम्पू घाला, कापसाचे तुकडे भिजवून थेंबांवर ठेवा, १०-१५ मिनिटं वाळू देऊ नका. मग नखाने किंवा प्लास्टिकच्या ब्लेडने कडेपासून उचला. हट्टी थेंबाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, निम्मं पाणी घालून. कापसावर घ्या, एक मिनिट दाबून ठेवा, पुसा. घासत बसू नका, भिजायला वेळ द्या. रिपेंट केलेल्या फेंडरवर आयपीएसुद्धा आधी फेंडरच्याच आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी लावून बघा. कापसावर निळा रंग आला तर तिथे फक्त शाम्पूचं पाणी.

चॉकलेटी तुषार ऑइल पेंटचे, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. हवेतून खाली येताना ते अर्धे वाळलेले असतात, त्यामुळे पकड वरवरची असते. पण दहा दिवसांत ते कडक झालेत. मिनरल टर्पेंटाइन मायक्रोफायबरच्या कोपऱ्यावर घेऊन हातभर जागेत हलकेच पुसून पाहा. कपड्यावर चॉकलेटी आलं तर अर्धं काम तिथेच होईल. नाही आलं तर क्ले.

ग्रेड फाइन घ्या, १०० ग्रॅम पुरे. रंगावरून ग्रेड ठरवू नका. एका ब्रँडचा निळा फाइन असतो, दुसऱ्याचा निळा मीडियम, म्हणून पाकिटावरचं वाचून घ्या. फाइनने एका जागी पाच-सहा फेऱ्यांत फरक पडला नाही तरच मीडियम. हेवी ग्रेड घरी नको. त्याच्यानंतर मशीनने पॉलिश करावंच लागतं.

क्लिअरकोट

मारायची पद्धत वेगळी लिहितो, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं.

आधी गाडी दोन बादल्यांनी धुवा, एकीत शाम्पू, दुसरीत मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी. सैल धूळ अंगावर राहिली तर क्ले तीच उचलून सगळीकडे फिरवेल. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागेल अशी हवी. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आतबाहेर सुरू करा. तापलेल्या बॉनेटवर लुब्रिकंट क्षणात वाळतं आणि मऊ पडलेला क्ले पत्र्याला चिकटून पट्टा सोडतो. तसं झालंच तर टार रिमूव्हर किंवा पातळ आयपीएने पट्टा निघतो, नखाने खरवडू नका.

१०० ग्रॅमचे तीन तुकडे करा. एक छतासाठी आणि बॉनेटसाठी, एक दारांसाठी, एक खालच्या पट्ट्यांसाठी. खालचा तुकडा परत वर आणायचा नाही, तिथे डांबर आणि खडी असते. तुकडा कणकेसारखा मळून पाच-सहा मिलिमीटर जाडीची, तीन बोटांत मावेल अशी चकती करा. थंडीत कडक असेल तर दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवा.

लुब्रिकंटसाठी वेगळी महागडी बाटली लागत नाही. रिन्सलेस वॉशपैकी (नंतर पाण्याने न खळबळता गाडी धुवायचं द्रव) ओएनआर, म्हणजे ऑप्टिमम नो रिन्स, असेल तर एका लिटर पाण्यात १५ मिली, म्हणजे १:६४. नाही तर साधा, वॅक्स नसलेला कार शाम्पू लिटरला ५ ते १० मिली. भांड्यांचं लिक्विड नको, बरेच क्ले त्यात भुगा व्हायला लागतात. पाणी प्यायच्या आरओचं घ्या. आरओच्या बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याने गाडी धुण्याची पद्धत खूप सोसायट्यांत आहे, पण त्यात क्षार उलट जास्त असतात. हॅचबॅकला दीड ते दोन लिटर लुब्रिकंट लागतं. इतकं कशाला असं वाटेल, पण काटकसर करायची ती क्लेमध्ये करा, पाण्यात नको.

दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या. पत्र्यावर फवारा, क्लेवरही फवारा. मग सरळ रेषेत पुढे-मागे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवून. गोल फिरवू नका. खुणा पडल्याच तर सरळ खुणा एकाच कोनातून दिसतात, गोल खुणा प्रत्येक दिव्याखाली चमकतात. जोर बोटांच्या वजनाएवढाच. सुरुवातीला करकर ऐकू येईल आणि क्ले अडखळेल. तीन-चार फेऱ्यांत आवाज थांबतो, हात सरकायला लागतो. आवाज थांबला की तुम्हीही थांबा. क्ले चिकटायला लागला तर जोर वाढवायचा नाही, पाणी वाढवायचं. दर चौकोनानंतर चकती उलटून बघा, चॉकलेटी ठिपके दिसतील. दुमडा, मळा, स्वच्छ बाजू बाहेर काढा. मळूनही स्वच्छ बाजू मिळेनाशी झाली की तुकडा संपला. आणि जमिनीवर पडला तर तो टाकून द्यायचा. धुऊन वापरण्याचा मोह होतो, पण रुतलेला एक वाळूचा कण अख्खं दार खराब करू शकतो.

तपासणी हाताने नको, पातळ प्लास्टिकमधून करा. ब्रेडच्या पुड्याची पिशवी हातावर चढवून पत्र्यावरून बोटं हलकेच फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा भागही पिशवीतून खरखरीत लागतो. बोटांचा ओलावा आणि घर्षण मधून निघून जातं, फक्त उंचवटे कळतात.

रस्ता_घाटाचा

रॉकेलने पण निघतं की. आमच्याकडे ट्रकवाले डांबर, पेंट सगळं रॉकेलनेच काढतात. क्लेचा खर्च कशाला?

पॉलिशवाली

डांबर निघतं दादा, ते बरोबर आहे. डांबर आणि रॉकेल दोन्ही एकाच कुळातले. कडक झालेल्या इनॅमलला मात्र रॉकेल फारसं काही करत नाही. आणि ते सावकाश उडतं, मागे तेलकट थर ठेवतं. तो थर धूळ धरतो, दाराच्या रबरांना फुगवतो, आणि त्यावर क्ले मारला तर सगळं नुसतं घसरतं, कापत काहीच नाही. रॉकेल वापरलंच असेल तर आधी शाम्पूने दोनदा धुऊन मगच क्ले. टर्पेंटाइननंतरही एकदा धुवायचंच.

निळी_हॅच, तुम्ही विचारलेल्या इतर जागांबद्दल:

हेडलाइटची काच पॉलीकार्बोनेटची असते, वर पातळ हार्ड कोट. थिनर, नेलपेंट रिमूव्हर, टर्पेंटाइन यातलं काहीही तिथे नको. द्रावकाने केसासारख्या बारीक चिरा उमटतात आणि त्या बफ करून जात नाहीत. मागच्या दिव्यांची लाल काच बहुधा अ‍ॅक्रिलिकची, ती तर अल्कोहोललाही नाजूक. दोन्हींवर भरपूर लुब्रिकंट आणि फाइन क्ले, बस.

पुढची काच सगळ्यात सोपी. तिथे मीडियम क्लेही चालतो. जाड थेंब नव्या स्टीलच्या ब्लेडने काढा, काच ओली, ब्लेड ३० अंशांच्या आसपास आडवं, एकाच दिशेने. ब्लेड मागे ओढायचं नाही. वायपरची पाती वर करून तीही शाम्पूने पुसा, नाही तर पहिल्याच पावसात काचेवर रेघा.

काळ्या दाणेदार प्लास्टिकवर क्ले मारू नका. क्लेचे कण त्या दाण्यांत शिरतात आणि पांढुरकं दिसतं. तिथे ऑल पर्पज क्लीनर १:१० करून मऊ ब्रशने, ओलं असतानाच धुऊन टाका. इनॅमलचे तुषार एका वेळी निघणार नाहीत, तीन-चारदा करावं लागेल.

मॅट पेंट किंवा मॅट रॅप असलेल्या कुणी हा धागा वाचत असाल तर क्ले अजिबात नको, घासलेली जागा कायमची चकाकते. पीपीएफवर (पेंटवर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) फाइन क्ले चालतो पण कडांपासून बोटभर दूर राहा, नाही तर फिल्म उचलली जाते.

निळी_हॅच

दोघांचेही आभार. आज सकाळी बॉनेटच्या एका कोपऱ्यावर करून पाहिलं. पांढरे थेंब कोमट पाण्याने दहा मिनिटांत मऊ पडले, प्लास्टिकच्या ब्लेडने सालासारखे निघाले. दोन थेंबांना आयपीए लागलं. टर्पेंटाइनला चॉकलेटी तुषारांनी दाद दिली नाही. फाइन क्लेने मात्र निघाले, एक फूट चौकोनाला साधारण सहा फेऱ्या. पिशवीतून हात फिरवला तर काचेसारखं लागतंय. पण उन्हात तिरकं बघितल्यावर तिथे फिकट धुरकट पट्टे दिसतात. लुब्रिकंट भरपूर होतं. हे चुकलं का?

पॉलिशवाली

चुकलं नाही. याला मारिंग म्हणतात आणि गडद निळ्या, काळ्या, गडद लाल गाडीवर ते दिसणारच. क्ले शेवटी घासणारीच वस्तू आहे. जपानमधून आलेलं हे तंत्र, तादाओ कोदाते यांच्या अमेरिकेतल्या १९९० च्या दशकातल्या पेटंटमध्ये त्याचं वर्णन प्लास्टिकचा लवचीक घासण-दगड असंच आहे. पांढऱ्या, चंदेरी गाडीवर हेच पट्टे डोळ्यांना कळत नाहीत, एवढाच फरक.

उपाय फिनिशिंग पॉलिश, म्हणजे कंपाऊंडपेक्षा खूप बारीक पॉलिश. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड फिरता फिरता डुलतं ते), मऊ फोम पॅड, मटाराएवढे चार थेंब पॉलिश, दीड फुटाचा चौकोन, मध्यम वेगापेक्षा थोडं कमी, आडव्या-उभ्या मिळून चार फेऱ्या. वॉशिंग सेंटरमध्ये करून घेणार असाल तर रोटरी बफर आणि लोकरी पॅड नको असं आधीच सांगा, आणि रबिंग कंपाऊंड नाही तर फिनिशिंग पॉलिश लावायचं हेही. हाताने करायचं असेल तर फोमचा अ‍ॅप्लिकेटर आणि तेच पॉलिश. वेळ लागतो, पण क्लेचे पट्टे उथळ असतात, हाताने बरेचसे जातात. फेंडरवर आणि बॉनेटच्या कडांवर, जिथे पत्रा वळतो, तिथे मशीन जपून. कडेला थर पातळ असतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. क्लेने तुषारांबरोबर जुना वॅक्सही गेला. पॉलिशनंतर त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) लावा, उघडा पेंट रात्रभर ठेवू नका. वॅक्स लावायच्या आधी पातळ आयपीएने पॉलिशचं तेल पुसलं तर सीलंट नीट धरतो.

क्लेऐवजी क्ले मिट किंवा क्ले टॉवेल मिळतो, कापडावर रबरी थर असलेला. तो झटपट काम करतो, खाली पडला तर धुता येतो, पण मारिंग जास्त देतो. नवा मिट आधी काचेवर दोन मिनिटं घासून मग पत्र्यावर घ्यायचा. तुमच्या रंगावर मी बारच सुचवेन.

डोंबिवली_लोकल

थोडा वेगळा प्रश्न, नवीन धागा उघडत नाही. गाडी रुळांच्या जवळ लावलेली असते. पांढऱ्या पेंटवर तपकिरी-केशरी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येतात. धुऊन जात नाहीत. हेही क्लेनेच काढायचे का?

क्लिअरकोट

क्ले आहेच, पण पहिला नाही. ते लोखंडाचे कण आहेत, रूळ, चाकं आणि ब्रेकच्या घर्षणातून उडालेले. गरम कण क्लिअर कोटमध्ये किंचित रुततो आणि दमट हवेत गंजतो, म्हणून केशरी वर्तुळ. नुसता क्ले मारला तर वरचं टोक कापलं जातं, मुळाचा भाग आत राहतो आणि पावसाळ्यात ठिपका पुन्हा उगवतो. शिवाय लोखंड क्लेत अडकून ओरखडे काढतं.

आधी आयर्न रिमूव्हर. त्यात थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो, लोखंडाशी जुळलं की जांभळं होतं आणि ओघळायला लागतं. धुतलेल्या, थंड गाडीवर फवारा, तीन ते पाच मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. वास सडक्या अंड्यासारखा येतो, म्हणून मोकळ्या जागेत आणि हातमोजे घालून. जांभळं येणं कमी होईपर्यंत दोनदा करा, मग उरलेल्याला फाइन क्ले. चाकांवरही हेच चालतं, ब्रेकची धूळ तीच असते. पण उन्हात नको.

सिमेंटचे_दिवस

आणि प्लॅस्टरचे शिंतोडे असतील तर? आमच्या इमारतीत रंगाआधी तेच चाललंय.

क्लिअरकोट

तिथे क्ले मुळीच नको. सिमेंटच्या थेंबात वाळू असते. क्ले त्या वाळूला पकडून पत्र्यावरून ओढेल आणि ते ओरखडे पॉलिशच्या पलीकडचे असतील. ओलं असेल तर ताबडतोब पाण्याच्या धारेने, हात न लावता. सिमेंट अल्कधर्मी असतं, जितका वेळ राहील तितका क्लिअर कोट खातं. वाळलं असेल तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कापसाच्या पट्ट्या भिजवून थेंबावर ठेवा, १५ मिनिटांनी बदला. तीन-चार वेळा केल्यावर थेंब ठिसूळ होऊन चुरा व्हायला लागतो. तो पाण्यानेच वाहून जाऊ द्या, बोटाने ढकलू नका. शेवटी शाम्पूने धुऊन आम्ल काढा. उघड्या क्रोम पट्टीवर आणि अ‍ॅल्युमिनियमवर व्हिनेगर रेंगाळू द्यायचं नाही. सगळी वाळू गेली अशी खात्री झाल्यावर खाली राहिलेल्या पांढऱ्या सावलीवर क्ले चालेल.

निळी_हॅच

शेवटचा प्रश्न. आमच्या विंगचं ग्रिलकाम अजून दोन आठवडे तरी चालणार. आत्ता पूर्ण गाडीला क्ले मारून पॉलिश करू की थांबू? थांबलो तर रंग आणखी कडक होईल ना?

पॉलिशवाली

थांबा. इनॅमल जेवढं कडक व्हायचं ते बहुतेक झालंय, आणखी दोन आठवड्यांनी क्लेला फार फरक पडणार नाही. पांढरे थेंब मात्र थांबू देऊ नका, दिसले की त्याच संध्याकाळी कोमट पाण्याने काढा. क्ले आणि पॉलिश दोनदा करणं पेंटला महाग पडतं, एकदाच करायचं.

तोवर झाकण्यासाठी नेहमीचं बॉडी कव्हर धुळीच्या गाडीवर टाकू नका, ते वाऱ्याने हलून घासतं. कापडी कव्हरमधून पातळ तुषार झिरपतातही. पेंटरकडे मास्किंगची पातळ प्लास्टिक फिल्म रोलमध्ये मिळते. गाडी धुऊन कोरडी करून ती अंथरा, आरशांना आणि चाकांच्या कमानीला मास्किंग टेपने अडकवा, टेप पेंटवर लावू नका. संध्याकाळी काढून टाका. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडली तर पेंटवर पांढुरके ठसे उमटतात.

वर स्प्रे चालू असेल त्या दिवशी वाऱ्याची दिशा बघून गाडी इमारतीच्या दुसऱ्या बाजूला लावता आली तर सगळ्यात उत्तम. बारीक तुषार वाऱ्यावर बरेच लांब जातात, पाच-दहा मीटर सरकवून भागत नाही. आणि कंत्राटदाराकडून पॉलिशचा खर्च मागायचा असेल तर काही काढायच्या आधी तिरक्या उजेडात फोटो घ्या, थेंबाशेजारी नाणं ठेवून. समोरून घेतलेल्या फोटोत चॉकलेटी तुषार दिसतच नाहीत. तुमचा साफ केलेला कोपरा आणि बाकीचं बॉनेट एकाच फोटोत आलं तर फरक लगेच कळेल.